चायना ग्रास, पेक्टिन आणि कोकणातला पावसाळा : जेलीच्या पावडरी सादळू न देता कशा ठेवायच्या

मागच्या जुलैत आमच्याकडे बारा पाहुणे होते आणि मी शहाळ्याचं पुडिंग लावलं होतं. आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैपासून जवळ, शहाळी घरच्या बागेतलीच. संध्याकाळी सहाला साच्यात ओतलं, रात्री नऊला बघते तर तळाला घट्ट थर आणि वरती नुसतं दूध, मध्ये मध्ये न विरघळलेल्या पावडरीचे काचेसारखे गोळे. पावडर चायना ग्रासची होती, नेहमीचीच, पाकिटावरच्या एक्सपायरीला अजून वर्ष बाकी होतं. मग बरणी उजेडात धरून नीट बघितली तर आत बारीक बारीक खडे झालेले, बरणी हलवली तरी पावडर खळखळ पडेना, एका बाजूला चिकटून बसलेली.

तेव्हापासून मी ह्या सगळ्या पावडरींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले आणि वर्षभर जे जे करून बघितलं ते इथे लिहितेय, कारण इंटरनेटवर सगळे जण 'थंड, कोरड्या जागी ठेवा' एवढंच सांगतात, आता आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडी जागा आणायची कुठून ते सांगा.

आधी हे समजून घ्या की आपण नक्की कशाबद्दल बोलतोय. चायना ग्रास म्हणजेच अगार-अगार, हे लाल समुद्री शेवाळापासून काढतात, आपल्या देशात ते शेवाळ मुख्यतः तामिळनाडूच्या रामनाथपुरमच्या किनाऱ्याकडून येतं. कॅरागीनन पण लाल शेवाळाचंच पण जात वेगळी. पेक्टिन फळांचं, बहुतेक वेळा लिंबू-संत्र्याच्या साली नाहीतर सफरचंदाचा चोथा. ग्वार गम गवारीच्या बियांचं. कोंजॅक एका कंदाचं. आणि आपलं जुनं ओळखीचं आरारूट, इसबगोल ही पण ह्याच कुटुंबातली म्हणायला हरकत नाही. जिलेटिन ह्यात नाही, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं, म्हणून पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. आयत्या जेलीच्या पाकिटावर नाव नसेल तर नंबर असतो, ४०६ म्हणजे अगार, ४०७ कॅरागीनन, ४१२ ग्वार गम, ४४० पेक्टिन. हे नंबर मी फ्रीजच्या दारावर लिहून चिकटवलेत.

ह्या सगळ्यांचा स्वभाव एकच, पाणी दिसलं की ओढून घ्यायचं. त्यासाठीच तर आपण त्यांना विकत आणतो. पण त्यांना ते पाणी पातेल्यातलं की हवेतलं हे कळत नाही. हवेतला दमटपणा पावडरीच्या वरच्या कणांनी ओढला की ते कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होते. अशी गुठळी पातेल्यात पडली की तिच्या बाहेरच्या कवचाचं आधी जेल होतं आणि आतली पावडर कोरडीच राहते, ते माझ्या पुडिंगमधले गोळे. शिवाय वजनाचा घोळ वेगळाच, सादळलेली १० ग्रॅम पावडर मोजली तर त्यातलं थोडं वजन पाण्याचं असतं, म्हणजे माप बरोबर आणि पुडिंग ढिलं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की ह्या पावडरी जुन्या होऊन खराब होत नाहीत तेवढ्या उघडून खराब होतात. अगार तर फारच टिकाऊ. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे नावाच्या बाईंनी सुचवलं की प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिनच्या ऐवजी अगार वापरा, कारण जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊन पातळ करायचे. त्या घरी जेली करायला अगार वापरायच्या, जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्यांना ते कळलेलं. आजही जगभर लॅबमध्ये अगारच आहे, कारण बहुतेक जंतूंना ते पचत नाही. एका बाईच्या स्वयंपाकघरातून लॅबमध्ये गेलेली वस्तू आहे ही, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. तर असा पदार्थ कोरडा राहिला तर पाकिटावरची तारीख आरामात गाठतो. ओला झाला तर मात्र महिनाभरात वाट लागते.

आता माझी मुख्य चूक काय होती ती सांगते, कारण निम्म्या घरांत हीच होत असणार. मी बरणी गॅसपाशी ठेवायचे आणि उकळत्या दुधावर बरणी धरून त्यातूनच चमच्याने पावडर भुरभुरवायचे. वाफ थेट बरणीत. चमचा एकदा दुधात बुडला की तोच परत बरणीत. म्हणजे आठवड्यातून दोनदा मीच तिला वाफारा देत होते. आता पावडर आधी कोरड्या वाटीत मोजून घ्यायची, बरणी बंद करून जागेवर ठेवायची आणि मग गॅस पेटवायचा. नुसत्या ह्या एका सवयीने अर्धं काम झालं, बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

दुसरं, एका मोठ्या बरणीत सगळी पावडर ओतायची नाही. कंपनीचं चकचकीत फॉइलचं पाकीट हे आपल्या कुठल्याही बरणीपेक्षा भारी असतं, त्यातून दमट हवा जवळजवळ जातच नाही. म्हणून ५०० ग्रॅमचं एक स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका, ५० ग्रॅमची घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि एक संपल्याशिवाय दुसरं फोडू नका. ज्यांना घरगुती ऑर्डरसाठी किलोने घ्यावं लागतं त्यांनी आणल्या आणल्या पुड्या करायच्या, एका वेळच्या कामाला लागेल तेवढ्याच. माझं एका पुडिंगचं माप ठरलेलं आहे, एक लिटरला ८ ग्रॅम, म्हणून मी ८-८ ग्रॅमच्या पुड्या करते. त्यासाठी दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याच्या मापाने प्रत्येक कंपनीची पावडर वेगळी भरते.

पुड्या कशात? साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून दमटपणा हळूहळू आत जातो, बाजारातून आणलेले पापड त्या पिशवीत ठेवले की आठ दिवसांत काय होतात ते आपल्याला माहितीच आहे. जाड झिपलॉक बरी, फॉइलची झिपवाली त्याहून बरी. पुडीतली हवा दाबून काढायची, झिपच्या खोबणीत पावडर अडकलेली नाही ना ते बघायचं (तिथे कण राहिला की झिप लागल्यासारखी वाटते पण लागत नाही), आणि अशा सगळ्या पुड्या एका एअरटाइट डब्यात. म्हणजे डबा उघडला तरी हवा लागते ती फक्त त्या एका पुडीला.

पुड्या करायचा दिवस पण बघून धरायचा. सगळ्यात छान म्हणजे हिवाळ्यातली दुपार, डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, ओठ फुटतात तेव्हा समजायचं की आता पुड्या करायला हरकत नाही. आगोटीच्या खरेदीत मे महिन्यात आणलं असेल तर कडक ऊन असताना करा, सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला नको. पंखा बंद ठेवा नाहीतर पावडर घरभर उडते. आणि भर पावसात करायचीच वेळ आली तर घरात एसी असेल त्या खोलीत तासभर एसी लावून मग फोडा, एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, बाहेर पाइपमधून थेंब थेंब पडतं ते हेच. आमच्या पाहुण्यांच्या एका खोलीत एसी आहे, खोली रिकामी असली की मी काटा, पिशव्या घेऊन तिथेच बसते.

हवा किती दमट आहे ते कळायला यंत्र नको. एका बशीत मीठ उघडं ठेवा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आपलं जाडं मीठ तर त्याच्याही आधी पाझरतं कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे हवा बरेच दिवस राहिली की धान्या-पिठांवर बुरशी धरायला सुरुवात होते. म्हणजे बशीतल्या मिठाला पाणी सुटलं की त्या दिवशी कुठलीही पावडर मोकळी करायची नाही. आमच्याकडे मृगापासून ते जवळजवळ दसऱ्यापर्यंत मीठ ओलंच असतं.

डबा खरंच एअरटाइट आहे का ह्याची परीक्षा आमच्या सासूबाईंनी सांगितली आणि ती मला कुठल्याही महागड्या डब्यावरच्या लेबलपेक्षा खरी वाटते. पावसाळ्यात रिकाम्या डब्यात मूठभर कुरमुरे घालून झाकण लावायचं आणि आठ दिवस अजिबात उघडायचं नाही. नवव्या दिवशी कुरमुरे कुरकुरीत निघाले तर डबा पास. मी घरातल्या अकरा डब्या-बरण्यांत एकदम कुरमुरे भरून ठेवले होते, पास झाल्या फक्त चार. स्टीलचे सगळे डबे नापास, झाकण कितीही घट्ट बसत असलं तरी. चिनी मातीची बरणी लोणच्याला उत्तम पण पावडरीला नाही, झाकण नुसतं वर बसतं. पास झाले ते रबराची रिंग असलेले काचेचे क्लिपवाले दोन आणि चारी बाजूंनी लॉक होणारे प्लॅस्टिकचे दोन.

जॅमच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं आपल्या किनाऱ्यावर टिकत नाहीत हे पण लक्षात ठेवा, खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात कडेला गंज धरतो, मग ते नीट बसत नाही आणि गंजाचे कण आत पडतात ते वेगळंच. क्लिपवाल्या बरणीची तार पण गंजते, तिला महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवते मी. रबराची रिंग कडक झाली, चिरा दिसल्या की बदलायची.

डब्यात दमटपणा शोषायला काय ठेवायचं ह्यावर खूप मतं आहेत. तांदूळ ठेवा म्हणतात. साध्या तांदळात स्वतःमध्येच १२-१४ टक्के ओलावा असतो, तो दुसऱ्याचं पाणी काय ओढणार, आणि वर सोंडे यायची भीती. तांदूळ कोरडे खमंग भाजून, पूर्ण गार करून पुरचुंडीत बांधले तर थोडे दिवस काम करतात, मिठाच्या डबीत ते ठीक आहे. पण चार महिन्यांच्या साठवणीला सिलिका जेलच घ्या, खाण्याच्या पदार्थांसाठी म्हणून मिळणाऱ्या बंद पांढऱ्या पुड्या. बुटांच्या, पर्सच्या खोक्यातल्या उचलून टाकू नका. निळ्या दाण्यांचं पण नको, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो विषारी आहे. आणि सिलिकाची पुडी पावडरीत खुपसायची नाही, बाहेरच्या मोठ्या डब्यात पुड्यांच्या शेजारी ठेवायची, घरात लहान मुलं असतील तर सगळ्यांना सांगून ठेवायचं की ही खायची नाही. पावसाळ्यात दोन महिन्यांनी मी ती बदलते.

जागा म्हणाल तर स्वयंपाकघर ही सगळ्यात वाईट जागा. गॅसच्या वरचं कपाट, फ्रीजच्या मागची बाजू, मोरीच्या भिंतीचं फडताळ, बाहेरून पागोळ्या पडतात ती भिंत, सगळं बाद. माळा पण नको, एप्रिल-मेमध्ये कौलाखाली नाहीतर पत्र्याखाली जी धग असते तिने अगारचं फारसं बिघडत नाही पण पेक्टिनची ताकद जाते. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता, हे सगळ्यात बरं. आणि सुक्या मासळीपासून लांब! हे आपल्या घरांना मुद्दाम सांगावं लागतं. ह्या पावडरींना स्वतःचा वास जवळजवळ नसतो पण दुसऱ्याचा वास त्या लगेच घेतात, माझ्या वहिनीने एकाच फडताळात खाली सुकट आणि वर चायना ग्रासच्या दोऱ्यांचं उघडं पाकीट ठेवलं होतं, त्या दुधाच्या जेलीला जो वास आला तो लिंबाच्या सालीने पण जाईना. मसाल्याचा डबा, कापूर, अगरबत्ती, डांबराच्या गोळ्या, सगळ्यांनाच हे लागू.

फ्रीजमध्ये ठेवावं का हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. अगार, कॅरागीनन, ग्वार गमला गरज नाही. पेक्टिनला आहे. पेक्टिन म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात आणि उष्णता नि ओलावा एकत्र आले की त्या साखळ्या तुटत जातात, पावडर दिसायला तशीच पण जॅम धरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात करवंदाच्या जॅमला पेक्टिन फोडतो, जूनमध्ये जांभळाला थोडं लागतं, आणि उरलेलं पार आवळा येईपर्यंत तसंच राहतं, म्हणजे वर्षातले सगळ्यात गरम आणि सगळ्यात ओले दिवस ते घरात उघडं काढतं. म्हणून फोडलेलं पेक्टिन दुहेरी पिशवीत, मग एअरटाइट डब्यात, मग फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही. वर्षाच्या आत संपवायचं.

पण फ्रीजचा एक नियम आहे आणि तो मोडला तर न ठेवलेलं बरं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. पावसाळ्यात फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला कसं दरदरून पाणी सुटतं, ते पाणी हवेतलं असतं. गार डबा उघडला की तेच पाणी पावडरीवर धरतं. म्हणून आदल्या रात्री काढून ठेवायचा, निदान दोन तास तरी, बाहेरून पूर्ण कोरडा आणि हाताला कोमट लागला की मगच झाकण काढायचं. दुसरं म्हणजे वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती, फ्रीज आतून नुसते घामेजले होते. तेव्हापासून वादळाचा इशारा आला की मी पेक्टिनचा डबा फ्रीजमधून काढून कपाटात ठेवते, आठ दिवस बाहेर राहिल्याने त्याचं बिघडत नाही, ओलं होण्याने बिघडतं.

आरारूट, कॉर्नफ्लोअर ही पिठं असल्याने त्यांना किडे-जाळ्या होतात. आणल्यावर बंद पुडी चार दिवस फ्रीझरला ठेवा, अंडी मरतात, मग बंदच बाहेर काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कडुलिंबाचा पाला घालू नका, वास उतरतो. इसबगोल मूळ डब्यातच राहू द्या, फक्त चमचा कोरडा असला पाहिजे.

चायना ग्रासच्या दोऱ्या घरात असतील तर त्या पावडरीपेक्षा सोशिक असतात. सादळून लवचीक झाल्या तरी उन्हात दोन दिवस ताटात पातळ कापडाखाली वाळवल्या की परत कडकडीत होतात. त्यामुळे पावसाळ्याच्या बेगमीला मी आता निम्म्या दोऱ्या आणि निम्मी पावडर ठेवते. पावडर मात्र उन्हात घालून बघू नका, वाऱ्याने उडते नाहीतर खाऱ्या वाऱ्याने अजून ओली होते, आणि कढईत भाजली तर खालून करपते.

पावडर सादळलीच तर? आधी वास घ्या. कुबट वास, हिरवट-काळे ठिपके, बोटाला चिकट ओल, ह्यातलं काहीही असेल तर टाकून द्या, उकळल्याने बुरशी मरते पण तिने सोडलेलं विष जातंच असं नाही. नुसत्या कोरड्या गुठळ्या असतील, बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल तर बारीक चाळणीने चाळा, राहिलेले खडे मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरवा, आणि मग ताकद तपासा.

अगारची ताकद अशी बघायची. २०० मिली गार पाण्यावर २ ग्रॅम पावडर भुरभुरवायची, दहा मिनिटं तशीच भिजू द्यायची, मग ढवळत उकळी आणायची आणि दोन-तीन मिनिटं नीट उकळायचं. नुसतं गरम करून चालत नाही, अगार ८५ अंशांच्या पुढेच विरघळतं. मग एक चमचा स्टीलच्या ताटलीत ओतायचं. अगार ३५-४० अंशांना धरतं, त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या खोलीत सुद्धा फ्रीजशिवाय दहा मिनिटांत घट्ट व्हायला हवं. बोटाने ढकलल्यावर अख्खं सरकलं, कड स्वच्छ मोडली तर पावडर चांगली. मऊ राहिलं, पाणी सुटलं तर पुढच्या वेळी अडीच ग्रॅम घेऊन परत बघा, तेवढ्यात जमलं तर तेच तुमचं नवीन माप, डब्यावर लिहून ठेवा. तीन ग्रॅमला पण जमत नसेल तर नवीन आणा. तपासताना पाणीच वापरा. कोकमाचं आगळ नाहीतर लिंबू घालून उकळलं तर आंबटपणाने अगारची पकड सैल होते आणि दोष पावडरीला लागतो. कोकम जेली करताना पण अगार साध्या पाण्यात उकळून, गॅस बंद करून, मग आगळ घाला.

पेक्टिनची परीक्षा अशी ताटलीत होत नाही, त्याला साखर आणि आंबट दोन्ही लागतं. वाटीभर रसाचा छोटा जॅम करून बघायचा. पेक्टिन नेहमी पाचपट साखरेत कोरडंच मिसळून मग रसात घाला, चांगल्या पेक्टिनच्या सुद्धा गुठळ्या होतात आणि लोक समजतात सादळलं.

प्रत्येक डब्यावर मी तीन गोष्टी लिहिते, आणलं कधी, फोडलं कधी, आणि माप किती. शाईचं पेन पावसाळ्यात पसरतं म्हणून पेन्सिलने कागदावर लिहून वरून चिकटपट्टी.

आणि आपल्याकडे ह्या पावडरींची खरी गरज पडते ती गणपतीत. मुंबईचे चाकरमानी येतात, पोरांना जेली हवी असते, आणि तेव्हा हवा सगळ्यात ओली असते. म्हणून चतुर्थीच्या आठ दिवस आधी मी एक पुडी फोडून ताटलीची परीक्षा घेते. नापास झाली तर दापोलीच्या बाजारात जाऊन नवीन आणायला अजून वेळ असतो.